घोड्याचा हात आणि आपला हात

हातानें लांबी मोजण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ ग्रंथांत चोवीस अंगुळांचा एक हात सांगितला आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचें हें अंतर. मुंबईच्या जुन्या कोष्टकांत सोळा तसूंचा हात व चोवीस तसूंचा गज असे. इंचांत सांगावयाचें तर हात १८ इंचांचा आणि गज २७ इंचांचा. दोन हातांचा वार होतो, म्हणून गिरगांवांत आमची आजी नऊवारी लुगड्यास अठरा हातांचें लुगडें म्हणे, तें अगदीं बरोबर होतें.

हा हिशेब माझ्या इतका अंगवळणीं पडला होता कीं, त्यानेंच मला एकदां फसविलें. १९८५ च्या सुमारास मी परळकडील एका शाळेंत शिक्षक होतों. इंग्रजी वर्तमानपत्रांत एका शर्यतीच्या घोड्याची उंची ‘१५.२ हात’ अशी दिली होती. मीं फळ्यावर १८ नें गुणाकार मांडला. घोडा पावणेतेवीस फुटांच्याही वर गेला! चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे त्यानें सहज ओढले असते. मुलें हंसूं लागलीं. इतक्यांत मागच्या बांकावरील एक मुलगा उठला. त्याचा बाप महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार होता. “गुरुजी, घोड्याचा हात असा असतो,” असें म्हणून त्यानें आपला पंजा आडवा धरून दाखविला.

खरेंच होतें तें. इंग्रजांचा हा ‘हँड’ म्हणजे पंजाची रुंदी. सोळाव्या शतकांत, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, तो कायद्यानें ४ इंचांचा ठरला. आपल्या हाताहून आपली मूठच त्याला जवळची. तेव्हां इंचांना ४ नें भागावें. भागाकार हे हात, आणि बाकी उरेल ते इंच. ६२ इंचांचे १५ हात २ इंच होतात, व तेंच ‘१५.२’ असें लिहितात. येथें पुष्कळ शिकलेले लोकही चुकतात. कारण हा बिंदु दशांशाचा नव्हे. अंकगणितानें ६२ इंच म्हणजे साडेपंधरा हात. १५.३ नंतर एकदम १६ येतात; १५.४ असें माप नाहींच. उलट करावयाचें तर १५ चौक ६०, अधिक २. सेंटिमीटर हवे असल्यास २.५४ नें गुणावें. सुमारें १५७ येतात.

हें माप डोक्यापर्यंत घेत नाहींत. मान पाठीस जेथें मिळते, त्या उंचवट्यापर्यंत जमिनीपासून काठी उभी धरतात. घोड्यानें मान वर केली काय किंवा खालीं घातली काय, उंचींत फरक पडत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा बापानें दिलेली एक काठी घेऊन आला. तिच्यावर चार चार इंचांवर चाकूनें खुणा पाडलेल्या होत्या. मीं फळा पुसला आणि एकेका मुलास काठीशीं उभें केलें. तो स्वतः १३ हात १ इंच भरला, डोक्यापर्यंत, अर्थात्.