पॅटन: रणगाड्यांआधीची तलवार

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांचे सेनापती म्हणून गाजलेले अमेरिकेचे जॉर्ज पॅटन (१८८५–१९४५) मुळात घोडदळाचे अधिकारी आणि कसलेले तलवारबाज. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पंचक्रीडा प्रकारात ते पाचवे आले. नेमबाजीत मागे पडले, तलवारीने सावरले. पुढे फ्रान्समध्ये सोम्यूर येथे धडे घेऊन ते अमेरिकेतील फोर्ट रायली या लष्करी तळावर तलवारविद्येचे शिक्षक झाले. त्यांच्या आराखड्यावरून १९१३मध्ये अमेरिकी घोडदळाची नवी तलवार घडली. घाव घालण्यापेक्षा भोसकण्यावर त्यांचा भर, म्हणून पाते सरळ. मराठ्यांची धोप तलवारही सरळच असे. मशीनगनच्या युगात मात्र पॅटन यांची ही उत्तम तलवार उशिराच आली.