अटलांटिक अभिसरण व त्यातील दीर्घकालीन बदल

अटलांटिक महासागराच्या वरच्या थरांतील उबदार व खारे पाणी उत्तरेकडे जाते, ग्रीनलंडच्या आसपासच्या समुद्रांत थंड व जड होऊन खाली बुडते आणि खोल थरांतून दक्षिणेकडे परतते. या चक्रास अटलांटिक अभिसरण म्हणतात. उ. अक्षांश २६·५° येथे दर सेकंदास सरासरीने सु. १७ दशलक्ष घ. मी. पाणी अशा रीतीने फिरते. या अक्षांशावर महासागर सु. १२० कोटी मेगावॉट इतकी उष्णता उत्तरेकडे वाहून नेतो. वायव्य यूरोपचे जलवायुमान सौम्य राहण्यास तिचे साहाय्य होते.

अभिसरणाचा जोर कालमानानुसार निरनिराळ्या कारणांनी बदलतो. काही दिवसांपासून काही वर्षांपर्यंतचे बदल मुख्यतः वाऱ्यांमुळे होतात. उदा., २००९-१० मध्ये अभिसरण सु. ३० टक्क्यांनी मंदावले, त्यास त्या वेळचे असाधारण वारे बऱ्याच अंशी कारणीभूत होते. दशकांच्या कालमानावर पाण्याचे तापमान व लवणता यांना महत्त्व येते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आर्क्टिकमधून गोडे पाणी व बर्फ मोठ्या प्रमाणात आल्याने लॅब्रॅडॉर समुद्राचा पृष्ठथर हलका झाला व काही हिवाळ्यांत तेथील पाणी खोलवर बुडणे थांबले. याउलट १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तीव्र थंड वाऱ्यांमुळे ते २,००० मी. पेक्षाही खोल मिसळले.

अभिसरण मंदावल्यास उत्तरेस खारे पाणी कमी पोहोचते, तेथील पाणी अधिक हलके होते व अभिसरण आणखी मंदावते. या प्रतिसंभरणामुळे अभिसरणाच्या दोन स्थिर अवस्था संभवतात, हे हेन्‍री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये साध्या गणितीय प्रतिकृतीद्वारे दाखविले. सु. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात अवतरलेल्या थंड कालखंडाचे कारण वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने अभिसरण क्षीण होणे हे असावे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या काळी भारतीय मॉन्सूनही दुर्बल होता, असे अरबी समुद्रातील गाळाच्या अभ्यासावरून दिसते.

नैसर्गिक चढउतारांतून कायमचा कल वेगळा काढणे हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. १९५७ ते २००४ या काळातील पाच जहाज-सफरींच्या मापनांवरून अभिसरण सु. ३० टक्के घटल्याचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु बहामा ते आफ्रिकेचा किनारा या रेषेवर २००४ पासून नांगरलेल्या उपकरणांनी सलग नोंदी सुरू केल्यावर पहिल्याच वर्षात हा प्रवाह दर सेकंदास ४ ते ३५ दशलक्ष घ. मी. असा बदलल्याचे आढळले. साहजिकच पाच तुटक मापनांवरून कायमची घट सिद्ध होत नाही, हे स्पष्ट झाले. सलग नोंदीही अद्याप दोन दशकांच्याच असल्याने जुन्या काळासाठी समुद्राचे पृष्ठीय तापमान, गाळ इ. अप्रत्यक्ष पुराव्यांवर विसंबावे लागते.

हरितगृह वायूंमुळे होणारी तापमानवाढ व ग्रीनलंडवरील बर्फाचे वितळणे यांमुळे एकविसाव्या शतकात अभिसरण मंदावण्याचा फार मोठा संभव आहे, असे आंतरशासकीय जलवायुमान बदल मंडळाने २०२१ मध्ये नमूद केले. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, हे मत मात्र मंडळाने मध्यम खात्रीनेच मांडले आहे. अभिसरण क्षीण झाले, तरी मुख्यतः वाऱ्यांनी चालणारा गल्फ प्रवाह पूर्णपणे थांबणार नाही. तथापि यूरोपातील हिवाळे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील समुद्रपातळी व उष्ण कटिबंधीय पर्जन्यपट्ट्यांचे स्थान यांवर त्याचा परिणाम होईल.