वस्ताद म्हणजे आपला उस्ताद

धाराशिव जिल्ह्यात जत्रा असो की उरूस, कुस्त्यांच्या फडाशिवाय रंगत येत नाही. तालमीतला 'वस्ताद' हा शब्द मूळ 'उस्ताद', हे आपल्या पोरांना कुठं माहीत असतं?

जुने वस्ताद आधी डाव शिकवतच नसत. हौद्यातली लाल माती खणायला लावायचे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू. मग जोर-बैठका. ढाक, कलाजंग, धोबीपछाड त्यानंतर. निकाल चितपटीवर, घड्याळावर नाही. गादीवर मात्र सहा मिनिटं आणि गुण, तिथं मातीतला गडी गडबडतो. म्हणून आम्ही म्हणतो, पोरांना दोन्हीकडे उतरवा. परंड्याशेजारच्या करमाळा तालुक्यातले बाला रफिक शेख 2018 मध्ये माती विभागातूनच आले आणि जालन्यात गादीच्या अभिजीत कटकेंना हरवून महाराष्ट्र केसरी झाले.