उपेक्षित बावीस बोअर : तिची योग्यता व तिची मर्यादा

भाताच्या लोंबींत दूध भरूं लागलें म्हणजे मुरबाड-शहापूरकडे रानाच्या कडेस ज्यांचीं खाचरें आहेत त्यांची झोंप उडते. एका रात्रींत रानडुकरांचा कळप शिरला तर चार महिन्यांचे श्रम चिखलांत मिळतात, हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. अशा दिवसांत सभासदांकडून एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो : वडिलांच्या वेळची बावीस बोअरची रायफल घरांत आहे, ती पिकाच्या राखणीस चालेल काय? याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'नाहीं' असेंच द्यावें लागेल. परंतु तेवढेंच सांगून आम्ही थांबलों तर त्या रायफलीवर अन्याय होईल. कोणी तिला पोरांचें खेळणें म्हणून हिणवितो, तर कोणी जें काम तिच्यानें होणें नाहीं तें तिच्यावर लादतो. यांमुळें तिची खरी योग्यता दोघांसहि कळत नाहीं. ती योग्यता व तिची मर्यादा हीं दोन्हीं वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम तिची रचना पाहूं. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशीं मधोमध एक टोपी बसविलेली असते व घोड्याचा आघात तिच्यावर होतो. बावीस बोअरच्या काडतुसांत अशी टोपी नसते. बुडाची जी बारीक कड बाहेर आलेली असते तिच्या पोकळींतच स्फोटक द्रव्य भरलेलें असतें, आणि आघात त्या कडेवर होतो. म्हणूनच या जातीस रिमफायर असें नांव पडलें. कड चेपली जावी म्हणून पितळेचें कवच पातळच ठेवावें लागतें, व कवच पातळ म्हणून आंत फार जोराचा बार भरतां येत नाहीं. तिची स्वस्ताई, तिचा मंद आवाज, खांद्यास जवळजवळ न जाणवणारा धक्का आणि तिचा अशक्तपणा, हे सर्व गुणदोष या एका कारणांतून उत्पन्न झालेले आहेत. पितळेच्या कवचाची ही विद्या आपणांस परकी नव्हे. कल्याणशेजारीं अंबरनाथच्या सरकारी कारखान्यांत काडतुसांस लागणारें पितळ तयार होत आलें आहे.

या काडतुसाचा उगम १८४५ च्या सुमारास पॅरिस येथें फ्लोबेर नांवाच्या कारागिरानें घरांत नेमबाजी करण्यासाठीं केलेल्या लहान काडतुसांत आहे. पुढें १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ व वेसन यांनीं बावीस बोअरचें आंखूड काडतूस विक्रीस आणलें, आणि १८८७ सालीं स्टीव्हन्स कंपनीनें 'लाँग रायफल' या नांवाचें काडतूस काढलें. तेंच आज जगभर चालतें. त्याची शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारें अडीच ग्रॅमांची असते, व साध्या काडतुसांतून ती सेकंदास १०८० फुटांच्या आसपास वेगानें निघते. हा वेग आवाजाच्या वेगाहून किंचित् कमीच आहे.

बोअर युद्धांत आपल्या सैनिकांचा नेम कच्चा आहे हें इंग्रजांच्या ध्यानांत आलें, व त्यानंतर तेथें गांवोगांव लहान रायफलींचीं मंडळें निघालीं. त्यांकरितां १९०६ सालीं त्यांच्या युद्धखात्यानें एक नमुना ठरवून दिला. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीची मार्टिनी पद्धतीची बावीस बोअरची रायफल याच काळांतील होय. खालची कडी ओढली कीं तिचा ठोकळा उघडतो, एक काडतूस घालावें, कडी मिटावी, कीं काम झालें. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या ली-एन्फील्ड रायफलींत बावीस बोअरची नळी बसवून शिकाऊ शिपायांसाठीं 'नंबर दोन' रायफल तयार करण्यांत आली. दिसण्यांत व वजनांत ती लढाईच्या रायफलीसारखीच, परंतु तींत एका वेळीं एकच काडतूस घालतां येतें. दुसऱ्या महायुद्धानंतर चेक देशांतील ब्रनो येथील कारखान्यानें पांच काडतुसांची पेटी असलेली सुबक रायफल काढली. आपल्याकडे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानेंहि बावीस बोअरची रायफल बनविली.

या रायफलींची चर्चा मोठ्या शिकारी रायफलींच्या मानानें फारच थोडी होते. मार्टिनीचा पुरस्कार आम्ही विशेष करतों. एका वेळीं एकच काडतूस घालावें लागत असल्यानें नवशिका उतावीळ होत नाहीं, आणि ठोकळा उघडा असला म्हणजे नळी रिकामी आहे हें शेजाऱ्यासहि दिसतें. परदेशी बंदुकांच्या खाजगी आयातीवर १९८० नंतरच्या दशकांत नामांकित नेमबाजांखेरीज इतरांस बंदी झाल्यामुळें जुनी ब्रनो किंवा बी. एस. ए. ज्याच्या घरीं आहे त्यानें ती मोडींत काढण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

आतां मर्यादेकडे वळूं. या रायफलीच्या गोळीचा जोर तोंडाशीं सुमारें १०० फूट-पौंड, तर .३०३ रायफलीचा २००० हून अधिक, म्हणजे वीसपटींहून जास्त. रानडुकराची कातडी व खांद्यावरील चरबी हीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस अधिक सांगणें नको. अशी गोळी लागलेलें डुक्कर बहुधा मरत नाहीं. तें जखमी होऊन झाडींत शिरतें, व सकाळीं गवत कापावयास जाणारी एखादी बाई त्याच्या पुढ्यांत सांपडते. पिकाची राखण करूं जाऊन शेजाऱ्याच्या घरावर संकट आणणें हा कोणता धर्म? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानडुक्कर मारण्यास, मग तें आपल्याच शेतांत कां असेना, वनखात्याची परवानगी घ्यावीच लागते. ससाहि त्या कायद्यानें संरक्षिलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

१९५९ च्या शस्त्र-कायद्यानेंहि हा भेद ओळखलेला होता. पिकाच्या राखणीकरितां त्यानें ठासणीची बंदूक सांगितली, ती न पुरल्यास आंतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची सोय ठेवली. आणि बावीस बोअरची रायफल निराळ्या कलमांत, मान्यताप्राप्त रायफल-मंडळाच्या सभासदास निशाण मारण्याचा अभ्यास करतां यावा म्हणून, नांव घेऊन नमूद केली. २०१९ च्या दुरुस्तीनें त्या कलमांतील शब्द बदलले, तरी मूळ विचार आजहि शहाणपणाचाच आहे. ठासणीची बंदूक राखण करते, बावीस बोअर शिक्षण देते.

आणि शिक्षणाची गरज केवढी आहे! ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक बाळगणारे आपल्यांतील किती जण वर्षांतून एकदां तरी सरावासाठीं बार काढतात? बंदूक खुंटीवर टांगलेली असते, आणि एकदम अंधाऱ्या रात्रीं, खसखस ऐकूं येतांच, भेदरलेल्या हातानें चाप ओढला जातो. २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत, जो २०१४ पर्यंत आपल्या ठाणें जिल्ह्याचाच भाग होता, मनोरकडील रानांत शिकारीस गेलेल्या लोकांकडून रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली गेली व तो प्राणास मुकला. पुढें काय आहे हें दिसल्यावांचून चाप ओढावयाचा नाहीं, हा पहिला धडा ज्याच्या हाडीं खिळला असेल त्याच्या हातून असें घडत नाहीं. हा धडा हाडीं खिळावयाचा तर शेंकडों वेळां नेम धरावा लागतो, व शेंकडों वेळां नेम धरण्यास परवडेल अशी रायफल ही एकच आहे. धक्का नाहीं म्हणून शिकणारा डोळे मिटत नाहीं. गोळी हळू म्हणून नळींतून ती निघेपर्यंत हात हालला तर चूक निशाणावर उमटते. पन्नास यार्डांवर नेम जुळविलेली रायफल शंभर यार्डांवर सहा-सात इंच खालीं मारते, म्हणून अंतर ओळखण्याची संवयहि लागते. राष्ट्रीय छात्रसेनेनें आपल्या मुलांमुलींच्या हातीं पहिली रायफल म्हणून हीच दिली, तें उगीच नव्हे.

या विद्येचें फळ महाराष्ट्रानें पाहिलेंहि आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पालथें पडून ५० मीटरांवर निशाण मारण्याच्या सामन्यांत ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतलें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें गुडघा टेकून, पालथें पडून व उभें राहून अशा तीन स्थितींच्या सामन्यांत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. या प्रकारांत भारतास मिळालेलें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक होय. दोघांचीहि रायफल बावीस बोअरची. या सामन्यांत मधलें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें असतें, म्हणजे पन्नास मीटरांवरून टपोऱ्या काबुली चण्याएवढी जागा वेधावयाची! जिला आपण खेळणें म्हणतों तिची ही करामत आहे.

तथापि अशक्त म्हणजे निरुपद्रवी असें मात्र कोणीं समजूं नये. काडतुसांच्या पेटीवर दीड मैलांपर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते, ती शोभेची नव्हे. आमच्या वाडवडिलांच्या वेळीं कल्याणभोंवतीं मैलच्या मैल मोकळीं शेतें होतीं. आज टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंत बांधाच्या पलीकडे कोणाची तरी खिडकी आहे. त्यांतून भरलेलें खाचर तर फारच घातकी, कारण शिशाची गोळी पाण्यावरून चेंडूप्रमाणें उसळी घेते व कोठें जाईल त्याचा नेम नसतो. म्हणून शेतांत सराव करण्याचा मोह सर्वथा टाळावा. सराव मान्य केलेल्या जागींच, पाठीशीं मातीची भक्कम भिंत असतांनाच करावा.

शेवटीं सभासदांस आमची विनंती अशी. वडील निवर्तले व त्यांची रायफल कपाटांत राहिली असेल, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी व मग आपल्या नांवें परवान्याचा अर्ज करावा. तशीच ठेवणें हा गुन्हा आहे. २०१६ च्या नियमांनीं शस्त्र हाताळण्याचें शिक्षण परवाना मागणारासाठीं घालून दिलें आहे, तें केवळ कागदापुरतें उरकूं नये. परवाना मिळाल्यास रायफल-मंडळाचें सभासद व्हावें, मुलांबरोबर मुलींसहि छात्रसेनेंत पाठवावें, आणि राखणीची बंदूक ज्याच्या हातीं द्यावयाची त्यानें आधीं या लहान रायफलीवर हात बसवावा. नांगर धरण्यापूर्वीं पोर जसें वडिलांच्या मागोमाग सरींतून चालतें, तशीच ही पायरी आहे. ती चुकविणाराचें पीक कदाचित् वांचेल; परंतु अंधारांत झाडलेली गोळी परत घेण्याचा उपाय अद्याप कोणास सांपडलेला नाहीं.