हृदयरोपणाआधीचे तास

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाचा स्नायू कधी इतका निकामी होतो की रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते. याला वैद्यक हृदयजन्य शॉक म्हणते. सुसज्ज रुग्णालयांतही असे दहांतील चार-पाच रुग्ण महिनाभरात दगावतात. उलट प्रगत केंद्रांत हृदयरोपण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वर्षानंतरही हयात असतात. मग शॉकमधील रुग्णाला नवे हृदयच का देऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे.

परंतु ही तुलना फसवी आहे. दुसरा आकडा पारखून निवडलेल्यांचा आहे. शॉकमध्ये मूत्रपिंडे व यकृत रक्तावाचून उपाशी राहतात. ती कायमची बिघडली, मेंदूला इजा झाली किंवा जंतुसंसर्ग पसरला, तर रोपणाचा विचार बहुधा सोडावाच लागतो. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये तात्पुरत्या यंत्रांच्या आधारावर जगणाऱ्या रुग्णांना प्रतीक्षायादीत अग्रक्रम दिला व त्यांची प्रतीक्षा घटली. ज्याला यंत्रच मिळाले नाही, तो मात्र त्या यादीत येतच नाही.

आपल्याकडे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांतच गेला. मेंदुमृत्यूला मान्यता देणारा कायदा येण्यास १९९४ साल उजाडले. आज दात्याचे हृदय सुमारे चार तासांत बसवता यावे म्हणून शहरांतील वाहतूक थांबविली जाते, आणि ते योग्यच आहे.

लोणार किंवा संग्रामपूरच्या रुग्णासाठी मात्र रस्ता मोकळा होत नाही. छातीतील कळ प्रथम पित्ताची ठरते. मग तालुक्याचे रुग्णालय, आणि तेथून अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो खरा, पण गाडीच्या वेगाने बंद पडलेली रक्तवाहिनी उघडत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शॉकमधील रुग्णांची वाहिनी तातडीने उघडल्यावर सहा महिन्यांतील मृत्यू शंभरात ५० होते; आधी औषधांवरच विसंबलेल्यांत ते ६३ होते. वाहिनी त्याहून आधी उघडली, तर अनेकांत शॉक टळतोच.

बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तेथे अहोरात्र चालणारी कॅथलॅब, आणि प्रत्येक तालुक्यात ईसीजी वाचून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तत्काळ देणारा डॉक्टर, एवढी मागणी जिल्ह्याने आता लावून धरावी.