पत्रावळ आणि प्लास्टिक

माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेसाठी दरेकसा परिसरात दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येतात. पूर्वी पळसपानांच्या पत्रावळी जेवणानंतर मातीत मिसळून जात. आता मागे उरते ते प्लास्टिक. २०१८ साली राज्याने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली, तरी बाटल्या आणि वेष्टने डोंगरात येतच आहेत.

डोंगराळ भागात खरी अडचण वाहतुकीची. रिकाम्या बाटल्या जागा फार अडवितात, वजन मात्र नगण्य. भंगारवाल्यास फेरी परवडत नाही. त्या चेपून, गठ्ठे बांधून गाडीभर साठा झाला, तरच हिशेब जुळतो. त्यांत उष्टेखरकटे मिसळले की भाव गेलाच; म्हणून ओला कचरा घरीच वेगळा करून खतात घालावा लागतो.

पण उचलणारे हात कोणाचे? मेलेली जनावरे ओढण्याचे काम आपल्या आज्यापणज्यांवर जन्माने लादलेले होते. बाबासाहेबांनी ते सोडावयास सांगितले. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापिली. पुढे उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेचे सभासद दारोदार कचरा घेतात. घरटी शुल्क आणि भंगाराचे पैसे त्यांनाच मिळतात. दरेकसा येथे अशी सेवा सुरू झाल्यास तिचे दर कचरा उचलणाऱ्यांनीच ठरवावेत, असे आम्हांस वाटते.