सुधारित मोटारीतील इंधनपुरवठा : इंजेक्टर व दाबनियामक यांचे कार्य आणि निवड

प्रस्तावना :
इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी टर्बोचार्जर बसविला असता सिलिंडरमध्ये अधिक हवा जाते. त्या प्रमाणात पेट्रोल न वाढल्यास मिश्रण विरळ होते, ज्वलनकक्षाचे तापमान वाढते आणि ‘नॉकिंग’ सुरू होऊन पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. त्यामुळे इंजेक्टर बदलावेत की केवळ इंधनाचा दाब वाढवावा, हा निर्णय इंजिनाच्या आयुष्याशी निगडित आहे. सदर लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

इंजेक्टरची क्षमता :
इंजेक्टर ही विद्युतचुंबकाने उघडमीट होणारी झडप होय. ती किती काळ उघडी ठेवावयाची हे ईसीयू ठरवितो. चतुर्घाती इंजिन मिनिटास 6000 फेरे घेत असताना एका चक्रास केवळ 20 मिलिसेकंद मिळतात. त्यापैकी 80 टक्के, म्हणजे 16 मिलिसेकंदांपर्यंतच इंजेक्टर उघडा ठेवणे सुरक्षित मानले जाते. अधिक इंधन हवे असल्यास वेळ वाढविता येत नाही. इंजेक्टरचे छिद्र किंवा इंधनाचा दाब यांपैकी एक वाढवावे लागते.

दाबनियामकाचे कार्य :
फ्युएल रेलमधील आणि इनटेक मॅनिफोल्डमधील दाबांचा फरक स्थिर राखणे, हे दाबनियामकाचे मुख्य कार्य. त्यासाठी त्यास मॅनिफोल्डशी नळीने जोडलेले असते. ही जोडणी नसेल आणि टर्बोचार्जरमुळे मॅनिफोल्डमधील दाब 1 बारने वाढला, तर 3 बारचा फरक 2 बारवर येतो व प्रवाह सुमारे 18 टक्क्यांनी घटतो. म्हणजे इंधनाची गरज सर्वाधिक असतानाच पुरवठा आटतो.

दाब वाढविण्याची मर्यादा :
प्रवाह हा दाबाच्या नव्हे, तर दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब 3 वरून 4 बार केल्यास, म्हणजे एक तृतीयांशाने वाढविल्यास, प्रवाह जेमतेम 15 टक्के वाढतो. उदाहरणार्थ, 1989 मध्ये बाजारात आलेली माझ्दा एमएक्स-5 ही मोटार घेता येईल. अमेरिकेत तिच्या 1.6 लिटर इंजिनाची शक्ती 116 अश्वशक्ती होती. तिच्यासाठी मिळणाऱ्या आरंभीच्या काही टर्बो संचांत मूळ इंजेक्टर ठेवून, मॅनिफोल्डमधील दाबवाढीच्या कित्येक पट दाब वाढविणारा नियामक दिलेला असे. परंतु 200 अश्वशक्तीसाठी सुमारे 1.7 पट इंधन लागते. ते केवळ दाबाने मिळवावयाचे तर दाबफरक सुमारे तिप्पट, म्हणजे 9 बारच्या आसपास न्यावा लागेल. दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. शिवाय अतिदाबाखाली इंजेक्टरची सुई नीट उघडेनाशी होते.

योग्य इंजेक्टरचे गणित :
टर्बो इंजिनास दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे 270 ग्रॅम पेट्रोल लागते असे धरल्यास 200 अश्वशक्तीसाठी ताशी 54 किलोग्रॅम पेट्रोल लागेल. चार इंजेक्टर आणि 80 टक्क्यांची मर्यादा लक्षात घेता प्रत्येकाची क्षमता मिनिटास सुमारे 390 घनसेंटिमीटर असावी. तथापि गरजेपेक्षा फार मोठा इंजेक्टरही हितावह नाही. इंजिन संथ फिरत असताना त्यास इतका अल्पकाळ उघडावे लागते की मात्रा अचूक राहत नाही. नव्या इंजेक्टरचा प्रवाह व उघडण्यास लागणारा विलंब यांची नोंद ईसीयूमध्ये करून वाइडबँड सेन्सरने मिश्रण तपासणे अपरिहार्य ठरते.

भारतीय संदर्भ :
भारतात आता 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र वापरात आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी 14.7 भाग हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे 13.5 भाग. साहजिकच तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन लागते व ही वाढही वरील गणितात धरावी लागते. तसेच मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे असा बदल करण्यापूर्वी कायदेशीर बाजू तपासणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
दाबनियामक हा इंजेक्टरचा पर्याय नसून त्याचा पूरक घटक आहे. प्रवाहाची मोठी वाढ योग्य क्षमतेच्या इंजेक्टरने साधावी, दाबफरक स्थिर राखण्याचे काम नियामकाकडे सोपवावे आणि दोहोंस पुरेल असा पंप निवडावा. हा क्रम पाळल्यास वाढीव शक्तीबरोबरच इंजिनाची सुरक्षितताही साधता येते.